मैनेचं बाळंतपण

कुत्री व्याली तर तिचं तिने बघावं, आपण दोन वेळा दूध-भाकरी ठेवावी आणि लांब राहावं, असं वृषालीचं स्वच्छ मत होतं. हे मत मंगळवारी सकाळी सात वाजेपर्यंत टिकलं. सात वाजून पाच मिनिटांनी साळुकाकी आल्या.

साळुकाकी म्हणजे शेजारच्या रखमाजीकाकांची बायको. अवसरी बुद्रुकच्या त्या मळ्यात गेल्या चाळीस वर्षांत झालेल्या बाळंतपणांपैकी निम्मी त्यांनी स्वतः निस्तरली होती, आणि उरलेल्या निम्म्यांत कुणाचं काय चुकलं हे त्यांना तोंडपाठ होतं. पडवीतल्या खाटेखाली वाकून त्यांनी आधी पिल्लं मोजली. पाच. मग मैनेकडे पाहिलं, मग वृषालीकडे पाहिलं.

"बाळंतिणीला गार फरशीवर निजवलीस? अगं, वारं शिरंल की अंगात!"

"मी नाही निजवली, काकी. ती आपली आपणच..."

"तिला काय कळतंय? पहिलटकरीण हाय ती. तुला कळाय नगं?"

वृषाली सत्तेचाळीस वर्षांची होती. पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिच्या हाताखाली साठ हजार पुस्तकं आणि चार माणसं होती, आणि त्यांतलं कुणीही तिला 'तुला कळाय नगं?' असं म्हणत नसे. पण तिने मुकाट्याने आत जाऊन गोधडी आणली.

तिचे वडील, नाना, जाऊन एकोणीस दिवस झाले होते. महिन्याची रजा टाकून ती घर आवरायला राहिली होती. रोज सकाळी एक कपाट उघडायचं, आतल्या वस्तू बाहेर काढायच्या, पाहायच्या आणि होत्या तशा आत ठेवून कपाट बंद करायचं, असं ते आवरणं होतं. आणि ते अतिशय शिस्तीत चाललं होतं.

मैना ही नानांची कुत्री. रंगाने पिवळी, एक कान उभा, एक पडलेला. नाव मैना असलं तरी आवाज रखमाजीकाकांच्या जुन्या ट्रॅक्टरचा. नाना गेल्यापासून ती त्यांच्या खाटेखालून हलली नव्हती, दूध-भाकरीतलं दूध तेवढं चाटायची, आणि दिवसेंदिवस फुगत चालली होती. माणसं दुःखाने वाळतात, कुत्री सुजत असतील, असं समजून वृषालीने तो विषय सोडून दिला होता. वाचनाचा माणसाला कधी कधी काहीच उपयोग होत नाही, तो असा.

"पण काकी, घरात आत्ताच सुतक..."

"सुतक तेराव्याला फिटलं. आता सोयर लागलं."

"कुत्रीचं सोयर?"

यावर शास्त्रार्थ काय, हे साळुकाकींनाही नक्की ठाऊक नसावं. त्यांनी क्षणभर आढ्याकडे पाहिलं. "धा दिस देवाला हात लावू नगंस, म्हंजे झालं," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून खाली बसल्या आणि खरं काय ते बोलल्या. "या घरात शेवटचं बाळंतपण झालं ते तुझ्या आईचं. तुझ्या येळंला तू पुण्याला दवाखान्यात गेलीस आन तिथनंच घरी गेलीस. हितं मी डिंक कुटून ठिवला व्हता."

वृषालीची मुलगी आरोही आता वीस वर्षांची होती. म्हणजे तो डिंक वीस वर्षं कुटलेलाच होता. आता तो कुणाला तरी खावाच लागणार होता.

दुपारपर्यंत मळ्यातल्या घराघरांतून बाळंतिणीचं जेवण यायला लागलं. अळिवाची खीर आली. शेपूची भाजी आली. डिंकाचे लाडू आले, ते इतके टणक होते की एक हातातून निसटला तेव्हा फरशीला टवका गेला आणि लाडू शाबूत राहिला. रिवाजाप्रमाणे न्हाणीघराच्या बाजूची लहान खोली मोकळी करून तिथे गोधडी अंथरली, खिडकीला चादर लावली. मैनेला आणि पिल्लांना आत नेलं, शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली, आणि स्वच्छ धुतलेल्या ताटलीत सगळं थोडं थोडं वाढून सगळे बाहेर आले. दार लोटलं. बाळंतिणीचं ताट वेगळं, जागा वेगळी, आणि ती जेवताना कुणी बघायचं नाही.

अर्ध्या तासाने दार उघडलं, तर ताट जसंच्या तसं. मैना कोपऱ्यात पाठ करून बसलेली. वृषालीने ताटली जरा जवळ सरकवली, तेव्हा तिने दात दाखवले.

"ओवा जास्त झाला का, काकी?"

"ओवा कदी जास्त व्हत न्हाई," साळुकाकींनी निकाल दिला.

दुसरा सल्लागार विभाग पुण्यात होता आणि तो फोनवरून चाले. "आई, ते लाडूबिडू काही देऊ नकोस हं," आरोही म्हणाली. "मी सगळं वाचलंय. उकडलेलं चिकन, भात, मीठ अजिबात नाही. आणि पिल्लांचं रोज वजन करायचं. ते वाढलंच पाहिजे."

वजनासाठी रखमाजीकाकांनी आपण होऊन काटा आणला. हा काटा कांद्याच्या पिशव्या तोलणारा. त्यावर पाचही पिल्लं ठेवली तरी तो शून्य दाखवी. "आजून माल भरला न्हाई," एवढं म्हणून काका तो परत घेऊन गेले. शेवटी किराणा दुकानातून मसाल्याची वजनं करायचा छोटा काटा उसना आणावा लागला. दुकानदाराने कशाला हवा म्हणून विचारलं. वृषालीने सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत मळ्यात बातमी झाली की नानांची पोरगी कुत्र्याची पिल्लं जिऱ्यासारखी तोलते.

चिकन उकडलं. मैनेने खाल्लं नाही. भात कालवला. खाल्ला नाही. सगळ्यांची पाठ वळल्यावर वाटीभर पाणी आणि थोडं दूध तेवढं ती चाटायची. आणि तिच्या पोटाशी पाच ओले, आंधळे जीव एकमेकांच्या डोक्यावरून चढत, लुचत, चिडून कुईकुई करत होते.

बुधवारी वृषाली जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या गृहस्थांनी अतिशय अदबीने संगणकासमोर बसवून घेतलं.

"मालकाचं नाव?"

"भगवंत... म्हणजे, ते वारले. मी मुलगी."

"कुत्र्याची आधी नोंद आहे का इथे?"

होती. नानांनी मैनेला रेबीजची सुई इथेच दिली होती.

"मग काही प्रश्नच नाही. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय, तेवढा सांगा."

नानांचा मोबाइल घरी कपाटात होता. वृषाली आठ किलोमीटर घरी आली, कपाट उघडलं, मोबाइल चार्जिंगला लावला आणि समोर बसून राहिली. तो उजळला. एकामागून एक निरोप येऊन पडले: बाजारभाव, हवामान, ओटीपी. ओटीपीची मुदत दहा मिनिटांची होती, ती केव्हाच संपली होती. गुरुवारी ती मोबाइलच बरोबर घेऊन गेली. तिथे पोचल्यावर कळलं की आज सर्व्हर बंद असल्यामुळे नोंद कागदावर करतात, ओटीपी लागत नाही.

शुक्रवारी दवाखान्यातल्या डॉक्टर साधना फेरीवर असताना घरी येऊन गेल्या. मैनेने त्यांना गुरगुरून पाहिलं, पण तपासू दिलं.

"आई चांगली आहे. ताप नाही, जखम नाही. पण ती जेवली पाहिजे," त्या म्हणाल्या. "दूध कमी होत चाललंय. अजून दोन दिवस अशीच राहिली तर आटेल. इतक्या लहान पिल्लांना बाटलीवर जगवायचं म्हणजे... पाचांतलं एखादं हाती लागेल. खोटं सांगत नाही."

"काहीतरी औषध?"

"टॉनिक देते. जेवणात कालवून द्या."

"ती जेवतच नाही."

"म्हणून तर टॉनिक."

त्या गेल्यावर वृषालीने पिल्लं तोलली. चार जणांचं वजन कालच्याएवढंच होतं. पाचवं, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका असलेलं, वीस ग्रॅमने उतरलं होतं. तिने काटा पुसून पुन्हा तोललं. काटा बरोबर होता.

ह्यानंतर तिने जे केलं ते ग्रंथपालाला शोभणारं नव्हतं. ती मैनेसमोर बसली आणि रागावून म्हणाली, "हे बघ, मलाही आठवण येते. म्हणून मी काय पोरांना उपाशी ठेवलंय का?" मैनेने तोंड फिरवलं. दाराबाहेर साळुकाकी उभ्या होत्या, हे तिला नंतर दिसलं. 

शनिवारी पाचवी आली.

"काकी, वर्षभर घरात सण करायचा नाही म्हणतात ना?"

"पाचवी सण न्हाई. कर्तव्य हाय. सटवाई येनार, पोरांच्या कपाळावर लिव्हनार. तवा घरात कोन नगं का?"

संध्याकाळी सात बायका आल्या. त्या लहान खोलीत पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. सटवाईला लिहायला कोरा कागद आणि पेन लागतं. वृषालीने पर्समधलं लाल पेन दिलं, तर साळुकाकींनी ते झटक्यात परत केलं. "नशीब काय लाल शाईनं लिव्हायचं? मास्तरीन हाय व्हय ती?" निळं पेन शोधावं लागलं. लेखिका अदृश्य, कागद कोरा, मजकूर कुणालाच वाचता येत नाही आणि तरी वाचक पिढ्यान्‌पिढ्या ठाम; असलं पुस्तक कुठल्या कपाटात लावायचं, याचा वृषाली विचार करत राहिली. तेवढ्यात घंटा वाजली, धुरी झाली, दोघींनी व्हिडिओ काढले आणि एकीच्या नातवाने पिल्लाला 'हॅपी बर्थडे' म्हटलं.

मैनेने हे सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी ती गुरगुरलीसुद्धा नाही. अनुभवी माणसाने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी खोली रिकामी. मैना नाही, पिल्लं नाहीत. कोऱ्या कागदावर राखेने भरलेल्या पंजांचे चार ठसे.

वृषाली चप्पल न घालताच शोधायला बाहेर धावली. कारण भोवती चहूकडे ऊस होता, आणि उसात बिबट्या होता. गेल्या चार महिन्यांत त्याने रखमाजीकाकांच्या दोन शेळ्या आणि वस्तीवरची तीन कुत्री नेली होती. त्यावर काकांनी वनखात्याकडे अकरा अर्ज केले होते. अकराव्या अर्जाला यश येऊन आठ दिवसांपूर्वी पिंजरा आला होता, आणि काकांनी त्याला जावयासारखं ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ त्याची धूळ झटकत. मागच्या जाळीच्या कप्प्यात आमिष म्हणून दोन कोंबडे होते, त्यांना दाणापाणी घालत. वर उसाचं पाचट पांघरून आत दाट काळोख केला होता. पंधरा दिवसांत काही सापडलं नाही, तर पिंजरा पुढच्या गावाला जाणार होता, ह्या धास्तीने काकांची झोप उडाली होती. आणि वनरक्षकाची ताकीद असल्यामुळे त्या बाजूला काकांखेरीज कुणी फिरकत नसे.

काळोख, ऊब, शांतता, आणि माणसांची वर्दळ बंद. बाळंतिणीला याहून चांगली खोली मळ्यात नव्हती. हे मैनेला कळलं होतं. वृषालीला ते बांधावर उभं राहिल्यावर कळलं, जेव्हा पाचटाखालून बारीक कुईकुई ऐकू आली.

पिंजऱ्याचं दार वर उचललेलं होतं. आत, अगदी शेवटी, कोंबड्यांच्या जाळीला पाठ लावून मैना बसली होती, आणि पोटाशी पाचही. वृषालीने एक, दोन, तीन, चार मोजले, पाचवं दिसेना. ती वाकली. पाचवं, ठिपक्याचं, मैनेच्या पायामागे पडलेलं दिसलं. हलत नव्हतं. मग कसलाच विचार न करता ती हातापायांवर आत शिरली.

पिंजऱ्याच्या मधोमध एक पत्रा असतो. त्यावर जनावराचा भार पडला की दार पडतं. मैना एकेका पिल्लाला तोंडात धरून त्या पत्र्यावरून पाच वेळा गेली होती आणि पत्रा हलला नव्हता. वृषाली एकदाच गेली.

दाराचा आवाज मंचरपर्यंत गेला असावा, असं नंतर काही जणांचं म्हणणं पडलं.

आधी तिने हात पुढे करून ठिपकेवाल्याला चाचपलं. त्याने जांभई दिली. झोपलेलं होतं. मग तिने मागे वळून दाराकडे पाहिलं, आणि तेवढ्यात मळ्यात आरोळी उठली.

"पडला! पडला रं! बिबट्या पडला!"

लोक धावत सुटले. काठ्या, कोयते, मोबाइल. सगळ्यांच्या पुढे रखमाजीकाका. पन्नास पावलांवर येऊन त्यांनी हात पसरून सगळ्यांना थोपवलं आणि कान दिला. पाचटाखालून गुरगुर येत होती, ती मैनेची. कुईकुई येत होती. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच वनरक्षक आदेशला फोन लावला. "सायेब, पडली! मादी हाय. संगं पिल्लं बी हायती, राव!"

आदेश जुन्नरला मीटिंगमध्ये होता. त्याने ताबडतोब तीन सूचना दिल्या: कुणी जवळ जायचं नाही, पिंजऱ्याला हात लावायचा नाही, गर्दी करायची नाही. तिसरी सूचना पाळण्याची वेळ टळून गेली होती.

आत वृषालीने पदव्या, नोकरी आणि वय एकत्र गोळा केलं आणि शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "काका, मी आहे."

बाहेर काठ्या वर झाल्या.

"बोलतोय!" कुणीतरी कुजबुजलं.

"मी वृषाली आहे!"

साळुकाकींनी गर्दीतून वाट काढली आणि पाचट बाजूला करून आत डोकावलं. "आगं बाय माझे! तू काय करतीस हितं?"

"मैनेला न्यायला आले होते."

काकांनी पुन्हा फोन लावला. "सायेब, बिबट्या न्हाई. आत आमची वृषाली हाय. नानांची."

"काका, मी वरती कळवलंय," पलीकडून आदेश म्हणाला. "गाडी निघालीये, डॉक्टर निघालेत. आता चेष्टा नको. फोटो पाठवा."

काकांनी फोटो काढून पाठवला. काळोखात दोन गोल चमकत होते. त्या वृषालीच्या चष्म्याच्या काचा होत्या. लगेच उत्तर आलं, आणि काकांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. "मोठा नर दिसतोय. कोणी जवळ जाऊ नका."

अपमान ह्या विषयावर वृषालीने पुष्कळ वाचलं होतं. त्यात हा प्रकार कुठे नव्हता.

दार वर उचलायला दोन गडी पुरले असते, आणि दोन गडी पुढे झालेही होते. पण काका मध्ये आले. "ताई, उगडायला काय न्हाई. पर आता उगडला तर म्हनतील छेडछाड केली. पिंजरा घिऊन जातील. अकरा अर्ज केल्यात मी."

"लाज वाटती का?" साळुकाकी कडाडल्या. "तुमाला पिंजरा प्यारा का पोर?"

"पोरीला काय बिबट्या खातोय का आता? पिंजऱ्यात हाय ती!"

ह्या युक्तिवादात खोट काढता येत नव्हती. आणि वृषालीला एक गोष्ट दिसत होती, ती बाहेरच्या कुणाला दिसत नव्हती. मैनेचे डोळे दारावर होते. दार उघडलं की ती पहिलं पिल्लू तोंडात धरून सुटणार होती, सरळ उसात. आणि मग तिला कुणीच शोधू शकणार नव्हतं. ज्याला शोधता आलं असतं, तो एकच होता, बिबट्या.

"राहू द्या बंद," वृषाली म्हणाली. "साहेब येईपर्यंत मी बसते. फक्त सगळ्यांना घरी पाठवा."

लोक नाराजीने पांगले. बिबट्या बघायला आलेल्या माणसाला ग्रंथपालावर समाधान मानणं जड जातं. साळुकाकी तेवढ्या बाहेर बांधावर बसून राहिल्या.

पिंजरा पुरुषभर लांब आणि दोन हात रुंद. एका टोकाला मैना, दुसऱ्या टोकाला वृषाली, गुडघे छातीशी घेऊन. मागे कोंबडे दर दोन मिनिटांनी आरवत. मैना प्रत्येक आरवण्याला गुरगुरत होती आणि मध्ये वृषालीकडे पाहूनही एकदा गुरगुरत होती, हिशेब बाकी राहू नये म्हणून.

"सकाळच्यापारी काय खाल्लंस?" बाहेरून काकींनी विचारलं.

"चहा घेतला."

"आन काल?"

वृषालीने आठवून पाहिलं. "बिस्किटं... पूजेचा प्रसाद."

"नाना गेल्यापासनं तू ताट घिऊन बसलेली मी बघितली न्हाई. ओट्यापाशी हुबी ऱ्हाऊन तोंडात टाकतीस आन भांडं घासून ठिवतीस. मला काय दिसत न्हाई व्हय?" काकी उठल्या. "पिंजऱ्यातल्या मानसाला जेवू घालू नये आसा काय कायदा न्हाई ना? बघते मी."

घरी जाऊन त्या परत आल्या. गजांमधून एक ताटली तिरकी करून आत आली, मग बाजरीच्या दोन गरम भाकरी, मग दुधाची बाटली. "काय कालवण बिलवण न्हाई. दूध-भाकर खा."

वृषाली मांडी घालून बसली. भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं, चार बोटांनी कालवली. भाकरीचा वास नाकात गेला, आणि एकदम, चोवीस दिवसांची असावी तशी, भूक लागली.  ती जेवायला लागली. मैनेचा विचारसुद्धा तिच्या मनात राहिला नाही. तिसऱ्या-चौथ्या घासाला तिच्या लक्षात आलं की गुरगुर थांबलीये.

मैना उठली होती. पिल्लं पोटाखालून गळून पडली, चिडून ओरडली. ती हळूहळू पत्र्यावरून चालत आली, वृषालीच्या डाव्या मांडीला टेकून बसली, आणि ताटलीकडे न पाहता समोर बघत राहिली.

वृषालीने हळूच ताटली तिच्याकडे सरकवली. मैनेने पाहिलंही नाही.

तिने ताटली परत ओढली. स्वतः एक घास घेतला. मग एक घास हातात धरला, तिच्याकडे न बघता.

हातावर ओलसर, खरखरीत जीभ फिरली. घास गेला.

बाहेर साळुकाकींनी तोंडावर पदर धरला. "आगं बया! नाना आसंच जेवायचे. हितं खाली बसून. एक घास त्यांचा, एक हिचा. चार वर्सं. एकटं ताट हिच्या फुडं कदी आलंच न्हाई."

"काकी!" वृषाली दबक्या आवाजात म्हणाली, कारण ओरडायची सोय नव्हती. "हे तुम्ही पाच दिवस सांगितलं का नाही?"

"आगं, बाळंतिणीला पंगतीला कोन बसवतं? आजपातूर कुनी बसवलीय का?" काकींनी गजांना धरून आत बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आन ध्यानात तरी कुटं व्हतं. आपन समदी तिला जेवायला वाढीत व्हतो. जेवत व्हतं कोन?"

 वृषालीने स्वतःसाठी घास घेतला. मग मैनेसाठी. मग स्वतःसाठी. क्रम चुकला की मैना थांबे आणि समोर बघत बसे, त्यामुळे चुकवता येत नव्हता. पहिली भाकरी संपली. दुसरी कुस्करली. डॉक्टरांचं टॉनिक घरी राहिलं होतं, ते कुणालाच आठवलं नाही.

आदेश आला तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. बरोबर गाडी, जाळी, बेशुद्ध करायची बंदूक घेतलेले डॉक्टर, आणि मागे पुन्हा अख्खा मळा. पाचट बाजूला झालं. आदेशने बॅटरी मारली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही आत कशा काय..."

"तुमचा पिंजरा उत्तम चालतो," वृषाली म्हणाली. "थोडं हळू बोलाल का?"

"आन सायेब, पिंजऱ्याला कुनी बोट लावलं न्हाई," काकांनी लगेच सांगितलं. "तुमी सांगितलं तसं. बघून घ्या. आता पंदरा दिस आजपास्नं धरा."

दोघांनी दार वर उचललं. उजेड सरळ आत आला. मैनेने दाराकडे एकदा पाहिलं, मग ताटलीकडे पाहिलं, आणि जागची हलली नाही. ती वृषालीच्या मांडीवर रेलून आडवी झाली होती, आणि पिल्लं रांगत, घसरत, पत्र्यावरून येऊन तिला लुचत होती. ठिपकेवालं सगळ्यांत खाली घुसलं होतं आणि त्याची शेपटी ताठ उभी होती.

"या बाहेर," आदेश म्हणाला.

"येते. जेवण चाललंय."

त्याने कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि अडला. शाळकरी मुलासारखा गोंधळून त्याने साळुकाकींकडे पाहिलं. "मावशी, पंचनाम्यात काय लिहू मी? काय सापडलं म्हणून?"

"लिव्हा," साळुकाकी म्हणाल्या, "बाळंतीण जेवली."

वृषालीने रिकामी ताटली दारातून बाहेर धरली.

"काकी," ती म्हणाली, "अजून एक भाकरी आहे का?"